बरोक वेलपट्टी: अकँथसची वेटोळी, अर्धपशू आणि मुखवटा कोणत्या क्रमाने काढायचे

बरोक वेलपट्टी (म्हणजे सतराव्या शतकातल्या युरोपीय बरोक शैलीतली, अकँथस या भूमध्यसागरी झाडाच्या कातरलेल्या पानांची नक्षीपट्टी) बहुतेक वेळा पहिल्या तासातच बिघडते, कारण सुरुवात पानाच्या कातरलेल्या कडेपासून होते. एक पान सुंदर जमतं, मग त्याच्या शेजारी दुसरं येतं, आणि देठ नंतर कुठून तरी वाट काढत त्यांना जोडतो. शेवटी मोकळ्या जागेत एखादं जनावर बसवलं जातं. पानं चिकटवल्यासारखी दिसतात, जनावर उपरं वाटतं, आणि कितीही शेडिंग केलं तरी पट्टी सपाटच राहते.

खरा क्रम नेमका उलटा आहे. आधी देठाची धावती रेषा, मग तिची जाडी, मग पानांचे ढोबळ आकार, त्यातून उगवणारा प्राणी, मग मुखवटा; आणि प्रत्येक पानातही दाते अगदी शेवटी. या लेखात ३६ × १२ सेंमीची एक आडवी पट्टी घेतली आहे: मध्ये ग्रोटेस्क (माणूस, प्राणी आणि पानं एकमेकांत मिसळलेल्या अद्भुत नक्षीतला) मुखवटा, दोन्ही बाजूंना दोन-दोन वेटोळी, मोठ्या वेटोळ्यातून बाहेर झेपावणारा अर्धा ग्रिफिन (गरुडाचं डोकं आणि सिंहाचं अंग असलेला काल्पनिक प्राणी). नमुना सतराव्या शतकातल्या इटालियन वळणाचा आहे. फ्लॉरेन्सचा स्तेफानो देला बेल्ला (१६१०–१६६४) आणि बोलोन्याचा अगोस्तिनो मितेल्ली (१६०९–१६६०) यांची छापचित्रं समोर ठेवा. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन संग्रहालय आणि अॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम यांच्या संकेतस्थळांवर ती मोठ्या आकारात बघता येतात.

सावध: फ्रान्समधल्या जाँ बेरँ (१६४०–१७११) याच्या ग्रोटेस्क रचना वेगळ्या आहेत. त्यात सपाट पट्ट्या, बारीक कमानी आणि अधांतरी टांगलेल्या आकृत्या असतात. त्या पट्ट्या या जाड, मांसल पानांच्या वेलीत मिसळू नका. दोन्हींचं वजन वेगळं असल्यामुळे चित्र दुभंगतं.

## तयारी

कागद ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), गुळगुळीत पृष्ठभागाचा जलरंग कागद हवा. खरबरीत कागदावर टाकाची निब अडकते आणि शाईचे शिंतोडे उडतात. साधा कार्ट्रिज पेपर सरावाला ठीक, पण वॉश (पाण्याने पातळ केलेल्या रंगाचा थर) दिला की तो फुगतो. कागद ड्रॉइंग बोर्डवर चारही बाजूंनी मास्किंग टेपने बसवा.

याशिवाय: ट्रेसिंग पेपरचे ३ तुकडे, प्रत्येकी २० × १४ सेंमी. २एच, एचबी आणि २बी पेन्सिल. मळून वापरायचा मऊ खोडरबर. परकार. टोकदार, लवचीक निबेचा टाक. तपकिरी वॉटरप्रूफ शाई. सेपिया (गडद तपकिरी) जलरंग. ६ नंबरचा आणि २ नंबरचा गोल ब्रश. त्या काळी हंसाच्या पिसाची लेखणी आणि लाकडाच्या काजळीपासून केलेली बिस्टर शाई वापरत. सेपियाचा टोन तिच्या बराच जवळ जातो.

वॉटरप्रूफ शाई फाउंटन पेनात भरू नका. तिच्यातली लाख सुकली की पेन कायमचं बंद पडतं.

आणखी एक तयारी हाताची. रांगोळी, मेंदी किंवा इंटरमीजिएटचं संकल्पचित्र यांत घडलेला हात रेषा एकसारख्या जाडीची काढतो, पानं समान अंतरावर मांडतो आणि प्रत्येक मोकळी जागा कोयरीने भरतो. त्या कामात हेच गुण असतात; इथे मात्र तीनही सवयी आड येतात. म्हणून रद्दी कागदावर २० वेटोळी खांद्यापासून हात फिरवून काढा, दहा डावीकडे वळणारी आणि दहा उजवीकडे. मनगटातून काढलेलं वेटोळं टोकाला कोनदार होतं, ते लगेच ओळखू येतं.

## टप्पा १: मापं

सगळं काम आधी फक्त उजव्या अर्ध्या भागावर, ट्रेसिंग पेपरवर करायचं आहे.

१८ × १२ सेंमीचा आयत आखा. डावी बाजू म्हणजे पूर्ण पट्टीची मध्यरेषा. वर-खाली १-१ सेंमी चौकटीसाठी सोडा, म्हणजे खेळायला १० सेंमी उंची उरते. उजवीकडेही १ सेंमी सोडा. उंचीच्या मधोमध एक आडवी रेषा घ्या.

मध्यरेषेपासून ३ सेंमीपर्यंतची जागा मुखवट्याची. पुढे आडव्या रेषेवर ७.२५ सेंमीवर केंद्र ठेवून ८.५ सेंमी व्यासाचं वर्तुळ काढा. मग १४.२५ सेंमीवर केंद्र ठेवून ५.५ सेंमी व्यासाचं दुसरं. दोन्ही वर्तुळं ११.५ सेंमीवर एकमेकांना टेकतात. टेकत नसतील तर पुढे जाऊ नका, मापं पुन्हा घ्या. सगळी वेल या एका बिंदूतून जाणार आहे.

दोन्ही वर्तुळं सारखी का नाहीत? सारखी ठेवली तर पट्टी साखळीसारखी दिसते आणि नजर मुखवट्याकडे परतत नाही.

## टप्पा २: देठाची धावती रेषा

एकच रेषा, जाडी नाही, पानं नाहीत.

मध्यरेषेपासून ०.८ सेंमी उजवीकडे आणि आडव्या रेषेच्या ३.२ सेंमी खाली एक बिंदू घ्या. मुखवट्याच्या दाढीतून देठ इथून निघेल. तिथून रेषा उजवीकडे उतरते, मोठ्या वर्तुळाच्या तळाला हळूच टेकते, त्याच्या उजव्या कडेने वर चढते, दोन वर्तुळांच्या स्पर्शबिंदूतून सरळ वर जाते आणि लहान वर्तुळाच्या माथ्यावरून पलीकडे उतरते. ही झाली मुख्य लाट. स्पर्शबिंदूपाशीच तिला फाटा फुटतो आणि तो मोठ्या वर्तुळाच्या आत वळतो.

आता वेटोळी. दर पाव फेऱ्याला केंद्रापासूनचं अंतर साधारण ०.८५ पटीने कमी करा. मोठ्या वर्तुळात स्पर्शबिंदूपाशी ४.२५ सेंमी, माथ्यावर ३.६, डावीकडे ३.१, तळाशी २.६. इथे थांबा. लहान वर्तुळात स्पर्शबिंदूपाशी २.७५, माथ्यावर २.३, उजवीकडे २.०, तळाशी १.७, डावीकडे १.४, पुन्हा माथ्यावर १.२. हे बिंदू ठिपक्यांनी मांडून मग एका झोकात जोडा.

मोठं वेटोळं पाऊण फेऱ्यातच थांबवण्याला कारण आहे. वेल ज्या दिशेने धावत असते त्याच दिशेने प्राणी बाहेर येतो. तळाशी रेषा उजवीकडे वळून वर चढायच्या बेतात असते, म्हणून तिथून निघालेला प्राणी छाती काढून झेपावतो. डाव्या कडेला थांबलात तर तो डोक्यावर पडणारा दिसेल, माथ्यावर थांबलात तर पालीसारखा उलटा लटकेल. प्राणी कितीही चांगला काढला तरी ही चूक नंतर दुरुस्त होत नाही.

तपासणी: ट्रेसिंग पेपर हातभर लांब धरून बघा. शेजारची दोन वेटोळी विरुद्ध दिशांना फिरायला हवीत. रेषेवरून बोट फिरवताना कुठेही अडखळता कामा नये.

## टप्पा ३: जाडी आणि पेले

देठ दाढीपाशी ६ मिमी, फाट्यापाशी ४ मिमी, वेटोळ्याच्या शेवटी १.५ मिमी. मूळ रेषा मधोमध ठेवून दोन्ही बाजूंनी जाडी द्या. जाडी हळूहळू उतरली पाहिजे. एकसारखी राहिली तर वेल लोखंडी जाळीसारखी दिसते.

जिथे फाटा फुटतो तिथे उघडा सांधा कधीच ठेवू नका. बरोक कारागीर प्रत्येक फाट्यावर पानांचा एक पेला बसवतो: तीन-चार पानांची खोळ, तिच्या तोंडातून दोन्ही फांद्या बाहेर. स्पर्शबिंदूच्या १.५ सेंमी आधी पेल्याचं बूड येऊ द्या आणि बरोबर बिंदूवर त्याचं तोंड. पेल्याचं तोंड नेहमी वेलीच्या धावण्याच्या दिशेला. दुसरा पेला ग्रिफिनसाठी, मोठ्या वेटोळ्याच्या तळाशी.

## टप्पा ४: अकँथसची पानं

सर्वाधिक वेळ याच टप्प्याला द्या. पानं चुकली तर पुढचं काहीही वाचवत नाही.

आपल्या खाडीकिनाऱ्यावर उगवणारी मारांडी अकँथसच्याच कुळातली आहे, पण तिचं काटेरी, ताठ पान नमुना म्हणून चालत नाही. दागिन्यातलं पान भूमध्यसागरी मोठ्या, खोल कातरलेल्या पानावरून आलं आहे, आणि तेही शतकानुशतकं हातांनी बदलत गेलेलं. म्हणून नमुना झाडावरून न घेता जुन्या चित्रांवरून घ्या.

वेलीवरचं पान बहुधा बाजूने दिसतं: एक कड देठाला चिकटलेली, दुसरी बाहेर कातरलेली. साडेतीन सेंमी लांबीचं एक पान असं काढा:

१. कणा. देठाच्या कडेला लागून निघणारी, देठापासून ३० अंशांपेक्षा कमी कोनात सुटणारी आणि टोकाला उलट वळणारी एक रेषा.

२. पानाचा पूर्ण आकार एका बंद रेषेत, दात्यांशिवाय. जिभेसारखा किंवा ज्योतीसारखा.

३. बाहेरच्या कडेवर बुडापासून सुरुवात करून एकापुढे एक ९, ८, ७ आणि ६ मिमी अंतरांवर चार खुणा. टोकाला ५ मिमी उरतात. पानाचे पाच खंड झाले, टोकाकडे लहान होत जाणारे.

४. प्रत्येक खुणेपाशी, कडेपासून थोडं आत, थेंबासारखा एक डोळा. इथे एक खंड दुसऱ्यावर चढतो आणि मधे अंधार दिसतो. पुढे शाईत सर्वांत गडद जागा याच.

५. प्रत्येक डोळ्यापासून पानाच्या बुडाकडे वाहत जाणारी एक रेषा. या रेषा कण्याजवळ येतात, त्याच्या सोबतीने उतरतात, पण त्याला मधेच जाऊन धडकत नाहीत.

६. आता प्रत्येक खंडाला तीन दाते, मधला मोठा.

पाचवी पायरी पुन्हा वाचा. केळीच्या पानात शिरा मधल्या दांड्याला काटकोनात जाऊन मिळतात, आणि सवयीने हात तसंच करतो. मग पान कापलेल्या कागदासारखं दिसतं. अकँथसच्या सगळ्या रेषा बुडाकडे ओढल्यासारख्या वाहिल्या की दातेही न काढता पान जिवंत होतं. एका कागदावर फक्त पहिल्या पाच पायऱ्यांची दहा पानं काढून बघा.

प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या पानाचं टोक मुरडून त्याची पाठ दाखवा. मुरड काढताना टोकाची कड पानावरून पलीकडे जाते, म्हणून खालच्या शिरा तिथे थांबवा. आरपार नेल्या तर पान काचेचं होतं.

मांडणी अशी: सर्वांत मोठी पानं वेलीच्या बाहेरच्या वळणावर, चौकटीच्या कोपऱ्यांकडे. वेटोळ्याच्या दोन फेऱ्यांमधे जागा दीड सेंमीच्या आसपास आहे, तिथे आखूड पानं आणि वेलीचा एखादा बारीक, दोऱ्यासारखा तणावा. साधारण एक तृतीयांश जमीन (नक्षीमागची पार्श्वभूमी) मोकळी राहू द्या. लहान वेटोळ्याच्या शेवटी दोन सेंमी व्यासाचं, पाच पाकळ्यांचं फूल, किंचित तिरपं.

तपासणी: ट्रेसिंग पेपर उलटा धरून पानांवरून नजर फिरवा. एखादं पान देठाच्या धावण्याविरुद्ध सुटलं असेल तर ते काटा टोचावा तसं खुपतं. ते खोडून नव्याने काढा, नुसती डागडुजी जमत नाही.

## टप्पा ५: अर्धा ग्रिफिन

गरुडाचं डोकं आणि पंख, सिंहाची छाती आणि पुढचे पाय. कमरेखाली पानं. पेल्याच्या तोंडापासून डोक्यापर्यंत ४ सेंमी उंची घ्या.

पहिली रेषा पाठीच्या कण्याची. देठाची मधली रेषा जिथे संपली तिथूनच ती पुढे सुरू होते, त्याच वळणाने, आणि मानेपाशी थोडी मागे झुकते. छातीचा अंडाकृती आकार दीड सेंमी, डोकं चोचीसह सव्वा सेंमी. एक पाय पुढे हवेत, दुसरा वेलीवर टेकलेला. टेकलेला पंजा देठाला खरोखर पकडतो असं दाखवा, म्हणजे प्राणी आणि वेल यांचं नातं पटतं.

पंख मागे आणि वर, वेटोळ्याची डावीकडची पोकळी भरणारा. पिसांची लय पानाच्या खंडांसारखीच ठेवा, टोकाकडे लहान होत जाणारी.

कमरेचा सांधा ही सगळ्यात नाजूक जागा. तीन पट्टे मनात धरा: वर नुसती कातडी, मधे कातडीवर चढलेली पानांची टोकं, खाली नुसती पानं. मधला पट्टा धडाच्या निदान एक तृतीयांश हवा. पोटावर एक लांब टोक, दोन्ही कुशींना दोन आखूड. सरळ आडवी रेघ मारून वर प्राणी आणि खाली पान असं केलं तर प्राणी कुंडीत लावलेला वाटतो.

अंगाची रचना नीट माहीत नसेल तर आधी धावणाऱ्या कुत्र्याचे फोटो बघून खांदा आणि कोपर कुठे वाकतात ते समजून घ्या. हे प्राणी कल्पनेतले असले तरी त्यांची हाडं खरी असतात. सांधे चुकले तर ग्रोटेस्कचा सगळा जोर निघून जातो.

## टप्पा ६: मुखवटा

अर्धाच काढायचा आहे. पूर्ण चेहरा ४ × ५ सेंमी, म्हणजे मध्यरेषेपासून २ सेंमी. कपाळाचा माथा आडव्या रेषेच्या २.८ सेंमी वर, हनुवटी २.२ सेंमी खाली.

आपल्या डोळ्यांत देवळांवरचं कीर्तिमुख बसलेलं असतं, आणि हात नकळत तिकडे वळतो: बटबटीत गोल डोळे, रुंदावलेला वरचा जबडा, आणि बहुधा खालचा जबडाच नाही. बरोक मुखवट्याच्या खाली माणसाची कवटी असते. भुवईचं हाड, गालाचं हाड, हनुवटी आधी मांडा, मग ताण द्या.

ताण नाकाच्या मुळापासून निघतो. भुवया तिथे खाली दाबल्या जातात आणि बाहेर वर उडतात, गाल डोळ्यांकडे चढतात, नाकपुड्या पसरतात, तोंड उघडतं. सगळ्या आठ्या त्या एका बिंदूपासून पसरल्या पाहिजेत. वेगवेगळ्या ठिकाणी आठ्या टाकल्या तर चेहरा रागीट न दिसता म्हातारा दिसतो.

मग पानं: भुवईचं बाहेरचं टोक पान होऊन वर मुरडतं, मिशी गालापलीकडे पान होते आणि मुखवटा व वेटोळं यांतली साधारण दोन सेंमीची पोकळी भरते, दाढी दोन फाकांत विभागते आणि तिच्या खालून देठ निघतो. डोळे, नाक, ओठ या तीन जागी पान आणू नका.

## टप्पा ७: आरसा-बाजू आणि उतरवणं

कच्चा नमुना दुसऱ्या ट्रेसिंग पेपरवर २बीने स्वच्छ उतरवा. तिसरा तुकडा वॉशच्या सरावासाठी राखून ठेवू नका, तो बिघडलेल्या भागासाठी आहे. मध्यरेषेच्या दोन्ही टोकांना अधिकच्या खुणा करा.

चांगल्या कागदावर मध्यरेषा आखून ट्रेसिंग पालथं घालून डाव्या अर्ध्यावर जुळवा. पाठीवरून एचबीने सगळ्या रेषा गिरवा; २बीचा ठसा खाली उमटतो. आता ट्रेसिंग उलटून उजव्या अर्ध्यावर ठेवा आणि २एचने गिरवा. मघाशी पाठीवर काढलेल्या एचबीच्या रेषा उमटतात. वेगळा कार्बन लागत नाही.

दोन्ही बाजू हुबेहूब असायलाच हव्यात असं नाही. जुन्या रेखाटनांत पुष्कळदा डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरा पर्याय काढून गिऱ्हाइकापुढे ठेवत. डावा ग्रिफिन मागे वळून बघतोय एवढा बदलही पट्टी मोकळी करतो.

## टप्पा ८: शाई

प्रकाश डावीकडून वरून, पूर्ण पट्टीभर. म्हणून उजव्या-खालच्या कडांना जाड रेषा, डाव्या-वरच्या कडांना बारीक, काही जागी तुटलेली. निब नेहमी स्वतःकडे ओढा, पुढे ढकलू नका. वळणासाठी बोर्ड फिरवा.

क्रम: ग्रिफिन आणि मुखवटा, मग समोरची पानं, मग देठ, शेवटी मागची पानं. पुढचं आधी झालं की मागची रेषा कुठे थांबवायची ते कळतं. पानांचे डोळे भरून गडद करा. शिरा बुडाकडून निघून खंडाच्या मध्यावर विरून जाऊ द्या, टोकापर्यंत नेऊ नका.

रात्रभर सुकू द्या. मग मऊ रबर दाबून पेन्सिल उचला, घासू नका.

## टप्पा ९: वॉश

तीन वाट्या. पहिलीत वाटाण्याएवढा सेपिया आणि २ चमचे पाणी. त्यातलं १ चमचा दुसरीत, वर २ चमचे पाणी. दुसरीतलं १ चमचा तिसरीत, वर २ चमचे पाणी. गडद, मध्यम, फिका. त्याच कागदाच्या कापट्यावर तिन्ही लावून सुकल्यावर बघा, कारण ओला रंग नेहमी गडद दिसतो.

इथली नेहमीची चूक: रेषांची आरसा-बाजू करताना सावल्यांचीही केली जाते. प्रकाश एकच आहे. म्हणून मुखवट्याचा उजवा गाल अंधारात आणि डावा उजेडात, आणि दोन्ही बाजूंच्या देठांची सावली उजवीकडे-खालीच पडते.

फिका वॉश सगळ्या सावलीच्या बाजूंवर एकदम. पूर्ण सुकल्यावर मध्यम: वेटोळ्याच्या आतल्या फेऱ्या, मुरडीखालची जागा, ग्रिफिनचं पोट, आणि वेलीची जमिनीवर पडणारी ३–४ मिमीची सावली. गडद फक्त पानांचे डोळे, मुखवट्याचं तोंड, पेल्यांची आतली बाजू. गडद भाग एकूण पट्टीच्या दहाव्या हिश्श्याच्या आत ठेवा. ओल्या थरावर दुसरा थर दिला तर फुलकोबीसारखे डाग पडतात, ते निघत नाहीत.

सावली कुठे पडते याचा अंदाज येत नसेल तर कोरीव लाकूड प्रत्यक्ष बघण्याला तोड नाही. जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलचा सोनेरी आल्तार (वेदी) आणि सेंट कॅजेटनच्या चर्चमधलं कोरीवकाम यासाठी उत्तम. सकाळच्या तिरप्या उजेडात एकाच पानासमोर उभं राहून त्याच्या डोळ्यातला अंधार आणि कडेवरची चमक यांचा फिका-मध्यम-गडद असा झटपट नकाशा काढा.

टेप काढताना कागद पूर्ण कोरडा असल्याची हाताच्या पाठीने खात्री करा. गार लागला तर ओल आहे. टेप कागदापासून बाहेरच्या दिशेने, कागदालगत, सावकाश ओढा.